मोतीतटावरचं ‘नको’

मुलांनो, एका जंगलात, जिथून समुद्र दिसत नाही पण त्याच्या गप्पा मात्र रोज ऐकू येतात, नाथू नावाचा एक तरुण साळिंदर राहत होता.

नाथू फार भिडस्त. लाजला की त्याचे काटे उभे राहत. शाळेत घुबडगुरुजींनी प्रश्न विचारला की नाथू लाजायचा आणि शेजारचा ससा किंचाळायचा. शेवटी सशाच्या आईने हात जोडले, म्हणून नाथूने शाळा सोडली. उत्तरं येत होती, असं तो अजूनही म्हणतो. तुम्ही हसू नका.

त्या जंगलाची एक रीत होती. कुणी काही देऊ केलं की आधी ‘नको’ म्हणायचं. समोरच्याने आग्रह करायचा. पुन्हा ‘नको’ म्हणायचं. समोरच्याने शपथ घालायची. मग ‘बरं, तुम्ही एवढं म्हणता म्हणून’ असं म्हणत पोटभर खायचं. एक तरस तेवढा पहिल्या खेपेलाच ‘हो’ म्हणायचा. त्याला कुणी मुलगी देईना.

नाथूची बालमैत्रीण सोनकी मावशीकडे मोतीतटाला राहायला गेली होती. मोतीतट हे समुद्राकाठचं बड्या प्राण्यांचं गाव. काहीही न करण्यासाठी प्राणी तिथे फार लांबून येत. एकदा सोनकीचा निरोप आला, “एक दिवस निवांत ये. बोलायचंय.”

नाथूचे काटे उभे राहिले. सोनकीशी लग्न व्हावं, एवढी एकच गोष्ट त्याने आयुष्यात मनापासून मागितली होती. तीही मनातल्या मनात.

निघताना आई म्हणाली, “दोन कंद खाऊन जा रे.”

“नको गं, तिथे खाईन.”

“तिथे हावरटपणा करू नकोस हं.”

“आई, मी काय तरस आहे?”

मोतीतटाच्या कमानीवर पाटी होती : ‘येथे कुणालाही कशाचाही आग्रह केला जात नाही.’

“किती सभ्य गाव!” नाथू म्हणाला.

आत वाळू इतकी स्वच्छ होती की तिच्यावर पाय ठेवायची त्याला लाज वाटली. पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे होते.

“शिक्षा झालीय का त्यांना?” त्याने घ्यायला आलेल्या सोनकीला हळूच विचारलं.

“आराम करताहेत,” सोनकी म्हणाली.

हातावर पांढरा रुमाल टाकलेलं एक माकड आलं. “साहेब, शहाळं?”

“नको, आत्ताच पाणी प्यालो.”

“जशी इच्छा.” माकड गेलं. नाथू त्याच्या पाठीकडे बघत राहिला. ते वळलं नाही.

“आरामखुर्ची, साहेब?”

“नको, उभाच बरा आहे.”

“जशी इच्छा.”

दुपारी भाजलेल्या कंदांचा वास सुटला. लोणी सोडलेले, वर मीठ भुरभुरवलेले. माकडाने ताट नाथूच्या नाकाखाली धरलं.

“नको, घरून भरपेट खाऊन आलोय,” नाथू म्हणाला आणि अंगातलं सगळं बळ डोळ्यांत आणून त्याने माकडाकडे पाहिलं.

“जशी इच्छा,” माकड म्हणालं.

सोनकीने आपले कंद संपवले. तिला तिथली सवय झाली होती. नाथूच्या पोटात गुरगुरलं. एक रोहित पक्षी शेजारणीला म्हणाला, “आज भरती लवकर आली वाटतं.”

अशा रीतीने नाथूने दिवसभर निवांतपणा भोगला. उभ्याने.

सूर्य टेकला. सोनकी वाळूत रेघा ओढत म्हणाली, “नाथू, माझ्याशी लग्न करशील?”

नाथूच्या छातीत ढोल वाजला. तोंड उघडलं आणि सवयीने आपलं काम केलं.

“नको. कशाला उगाच तुला त्रास.”

मग तो वाट पाहू लागला. सोनकी जंगलातलीच. तिने पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलंही. इतक्यात माकड खाकरलं. त्याने रुमालाने कमानीवरच्या पाटीकडे खूण केली.

सोनकीने तोंड मिटलं. “बरं,” ती म्हणाली.

आता तरी ‘हो’ म्हणावं, असं तुम्हाला वाटलं ना? नाथूलाही वाटलं. पण त्याला तो तरस आठवला. त्याचे सगळे काटे उभे राहिले आणि ‘हो’ बहुधा त्यांतच अडकलं.

दोघं कमानीपर्यंत चालत आले. नाथू बाहेर पडला. निरोप द्यायला सोनकी पाऊलभर पुढे आली, तशी पाटी तिच्या मागे राहिली. तिने एकदा वळून पाटीकडे पाहिलं.

“कर की रे,” ती म्हणाली.

नाथूचे काटे थरथरले. “नको गं, खरंच नको.”

“माझी शपथ आहे तुला!”

“बरं,” नाथू म्हणाला, “तू एवढं म्हणतेस म्हणून. पण अगदी साधंसंच.”

आणि कमानीबाहेरच्या चिंचेखाली तो मटकन खाली बसला. लाजेने नव्हे, भुकेने. सोनकीने पदराआड दडवून आणलेला एक भाजका कंद पुढे केला.

“नको,” नाथू म्हणाला.

तात्पर्य : मनात ‘हो’ असेल तर खुशाल ‘नको’ म्हणावं. फक्त विचारणारी आपल्याच जंगलातली असावी, आणि घरून निघताना दोन कंद खाऊन घ्यावेत.