अल्सीदच्या किडन्या

अल्सीद रोबिशोनं बायकोसाठी आजारी पडायचं ठरवलं, तेव्हा त्याची तब्येत अगदी ठणठणीत होती.

झालं असं की त्याची बायको व्हर्लीन गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना राजमा-भात वाढून वाढून कंटाळली होती. स्वतःची पोरं मोठी होऊन ह्यूस्टनला गेली, घर रिकामं झालं, आणि एके दिवशी तिनं जाहीर केलं, "मी नर्स होणार."

अल्सीद कोळंबी सोलत होता. "हो की," तो म्हणाला. (इतक्या वर्षांच्या संसारानंतर हे दोन शब्द त्याच्या तोंडून आपोआप निघत. मागाहून तो विचार करी, आपण कशाला हो म्हणालो?)

नर्सिंग कॉलेजात शिरायला प्रवेशपरीक्षा होती. गणिताची व्हर्लीनला भीती नव्हती; अख्ख्या शाळेचा भात अंदाजानं शिजवणारी बाई अपूर्णांकांना काय भीक घालणार? शरीराची माहितीही होती, कारण माहेरी दर हिवाळ्यात डुक्कर कापलं जाई आणि कुठला अवयव कुठे असतो ते तिला लहानपणापासून पाठ होतं. घोडं पेंड खायचं ते उताऱ्यापाशी. आजारांवरचा लांबलचक उतारा, खाली प्रश्न, प्रश्नाखाली चार पर्याय, आणि चारही पर्याय साळसूद चेहऱ्याचे.

"रुग्ण अ, रुग्ण ब!" तिनं पुस्तक आपटलं. "कोण कुठले मेले हे? खाली प्रश्नापाशी येईपर्यंत वर कुणाला काय झालं होतं तेच विसरते. ओळखीचं माणूस असतं तर डोक्यात राहिलं असतं."

"मग मी आहे की," अल्सीद म्हणाला.

ठरलं. रोज संध्याकाळी ओसरीवर अल्सीदनं उतारा मोठ्यानं वाचायचा, तोही 'रुग्ण' काढून तिथे 'मी' घालून. मग व्हर्लीननं प्रश्न सोडवायचे. तिची अट एकच. "कुणाजवळ बोलायचं नाही. नापास झाले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्या मिस ओडीलला कळलं की बायूच्या दोन्ही काठांना कळतं." बायू म्हणजे गावातून वाहणारी संथ, दलदलीची खाडी, आणि मिस ओडील म्हणजे शेजारीण. सत्तरी उलटलेली, पण कान कोवळ्या पोरीचे.

अल्सीदनं शपथ घेतली. आता, आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केल्यानं त्याचे कान अर्धे गेले होते, आणि अर्ध्या कानांच्या माणसाचा आवाज दीडपट असतो, हे त्या घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या संध्याकाळी त्यानं घसा साफ केला. "माझं वय अठ्ठावन्न." (पुस्तकात चौसष्ट होतं. पण स्वतःवर आलं की माणूस थोडं कमी करतोच.) "माझ्या पायांना सूज येते. भूक मेली आहे. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्यात. घरी मी अजून सांगितलेलं नाही."

कुंपणापलीकडे मिस ओडीलच्या भेंडीला पाणी चाललं होतं. ते थांबलं.

"वाच, वाच," व्हर्लीन म्हणाली. "आता कसं डोक्यात बसतंय!"

"उपचार मी नाकारले आहेत. मला कुणावर ओझं व्हायचं नाही."

"थांब, सांगू नकोस. यावरून निष्कर्ष... हा लवकरच जाणार!"

"बरोबर!"

"आणि बायकोला पत्ताच नाही!"

"बरोबर!"

व्हर्लीननं टाळी वाजवली. "चल, संपला एकदाचा. आता दुसरा. हार्टचा घे!"

दुसऱ्या दिवशी मिस ओडील बदकाच्या गंबोचं, म्हणजे दाट रश्श्याचं, भांडं घेऊन दारात उभी. डोळे ओले. "खा रे बाबा," ती अल्सीदला म्हणाली. "आता तेल-मीठ बघायचं नाही. मनाला येईल ते खा." आणि व्हर्लीनकडे तिनं असं पाहिलं, की दलदलीतला साप दिसल्यावरही माणूस त्याहून जरा मायेनं पाहतो.

त्यानंतर रीघ लागली. कोणी सॉसेज आणले, कोणी भरलेले खेकडे, कोणी अक्रोडासारख्या पिकानच्या गोड वड्या. "एवढं अन्न का येतंय?" व्हर्लीननं विचारलं. "लोक प्रेमळ आहेत," अल्सीद म्हणाला, आणि त्याला खरोखर तसंच वाटत होतं. बोटींच्या कारखान्यात साहेबानं त्याला पंख्याखालची खुर्ची दिली, तेव्हाही त्याला वाटलं, चला, कामाची कदर झाली!

उजेड पाडला तो क्लोविसनं. क्लोविस हा अल्सीदचा चुलतभाऊ, आणि मासेमारीतला जन्माचा वैरी. हा माणूस त्याला बोटीत घालून दूर आत घेऊन गेला, सुरूच्या झाडांच्या गर्दीत एके ठिकाणी थांबला आणि कुजबुजला, "मला मोठे मासे लागतात ते इथे. सख्ख्या बायकोलाही ही जागा माहीत नाही. तुला दाखवतोय, कारण तू ती बरोबर घेऊन जाशील."

"कुठे?"

क्लोविसनं टोपी काढली आणि आभाळाकडे बोट दाखवलं. "तुझ्या किडन्यांचं सगळ्या गावाला कळलंय रे, अल्सीद."

अल्सीद बोटीतल्या बोटीत बसला. सगळा प्रकार त्याच्या ध्यानात आला. खरं म्हणजे त्यानं तिथल्या तिथे खुलासा करायला हवा होता. पण खुलासा करायचा तर परीक्षेचं सांगावं लागणार, आणि त्यानं बायकोला शब्द दिलेला! रोबिशो घराण्यातल्या माणसानं दिलेला शब्द मोडायचा? छे! (शिवाय संध्याकाळी साहेबाची बायको कोळंबीचा दाट रस्सा, एतुफे, आणणार होती. भरपूर लोणी घालते ती.)

त्यानं खुलासा गिळला. आजार पटावा म्हणून तो थोडा खोकलाही. (किडनीला खोकला लागत नाही हे उताऱ्यात होतं, पण क्लोविसनं उतारा वाचला नव्हता.)

अल्सीद फुगत चालला आणि व्हर्लीन मात्र सुकत चालली. दुकानात बायका तिला पाहून पाठ फिरवीत. रविवारी चर्चमध्ये कुणी सरकून जागा दिली नाही. एकीनं जाता जाता म्हटलं, "तुला काळा रंग शोभेल गं. शोभेलच!" (तिकडे विधवा काळं घालतात.) आणि परीक्षा दोन दिवसांवर आली, तेव्हा व्हर्लीननं पुस्तक मिटलं.

"मी नाही बसत."

"काय झालं?"

"सगळ्यांना कळलंय. म्हातारपणी शिकायला निघाली, म्हणून तोंडं फिरवतात. मला वाटलं होतं, एकदा तरी पांढरा डगला घालून कामाला जावं, नावानं हाक मारावी कुणी. शाळेत पोरं मला अजून 'राजमा-भातवाली' म्हणतात." ती रडली नाही. नुसती पदार्थांची भांडी विसळायला लागली, लोकांची भांडी, एकामागून एक.

अल्सीदच्या हातात पिकानची वडी होती. ती त्याला जाईना. आता सांगायलाच हवं, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि "व्हर्लीन, ऐक..." म्हणाला, तोच ओसरीच्या पायऱ्या वाजल्या.

फादर गिड्री आत आले. हातात मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी. मागे मिस ओडील जपमाळ घेऊन, आणि तिच्या मागे क्लोविस, टोपी छातीशी धरून.

"अल्सीद, बाळा," फादर म्हणाले, "मनावर काही ओझं असेल तर बोलून मोकळा हो."

ओझं होतंच. पण तो तोंड उघडायच्या आत मिस ओडील पुढे झाली. "या बाईसमोर नको, फादर! बिचाऱ्यानं किडन्या गेल्याचं सांगितलं, तर ही म्हणते, 'हा लवकरच जाणार', आणि टाळी वाजवते! या कानांनी ऐकलंय मी! वर दुसरा ठरवूनही ठेवलाय हिनं!"

"दुसरा कोण?" व्हर्लीननं विचारलं.

"हार्ट! 'आता दुसरा, हार्टचा घे,' असं म्हणालीस! तो लाकडाच्या वखारीतला विधुर हार्ट! नवऱ्याच्या तोंडावर!"

व्हर्लीननं मिस ओडीलकडे पाहिलं. मग टेबलावरच्या भांड्यांच्या उतरंडीकडे. मग नवऱ्याच्या पोटाकडे, जे शर्टाच्या गुंड्यांशी झगडत होतं.

"थांबा," ती सावकाश म्हणाली. "हा उतारा मी सोडवते. मुख्य कल्पना: लोकांना वाटलं माझा नवरा मरतोय. तपशील: त्याला ते माहीत होतं. पुरावा: वडी अजून त्याच्या हातात आहे. लेखकाचा हेतू..." ती थांबली. "माहिती देणं नाही. पटवून देणं नाही. गिळणं."

"बरोबर," अल्सीद क्षीण आवाजात म्हणाला.

मग तिनं पुस्तक फादरांच्या पुढ्यात टाकलं आणि सगळं सांगून टाकलं. परीक्षेचं, नर्सिंगचं, सगळं. "आता हसा," असं म्हणून ती हनुवटी वर करून उभी राहिली.

कुणी हसलं नाही. मिस ओडीलनं चष्मा पुसला. "अगं वेडे, माझ्या पायाची पट्टी बदलायला मला तासभर गाडीतून जावं लागतं. या काठावर एक नर्स नाही. आणि तू लपवून काय ठेवतेस? बस इथे! परवा परीक्षा आहे ना? आण ते पुस्तक. मला दमा दे, दमा मी छान करते."

"म्हणजे तू मरणार नाहीस?" क्लोविसनं अल्सीदला विचारलं.

"नाही रे, भावा."

"माझी जागा!" क्लोविस कळवळला. सख्खा भाऊ गेल्यावर माणूस रडतो तसा, आणि तोही भाऊ जिवंत राहिला म्हणून.

त्या संध्याकाळी सगळ्यांनी उतारे वाचले. फादरांना अर्धांगवायू मिळाला आणि तो त्यांनी इतका रंगवला की मिस ओडील दोनदा रडली. व्हर्लीन एकामागून एक उत्तरं देत गेली. उरलेला गंबो तिच्या ताटात गेला. अल्सीदला साधा भात मिळाला आणि भांडी घासायला मिळाली.

व्हर्लीन पास झाली, उताऱ्यांत तर पैकीच्या पैकी. कॉलेज सुरू झालं. आता तिचे धडे पाठ करून घ्यायला मिस ओडीलच रोज कुंपणापाशी उभी राही, आणि व्हर्लीननं किंवा अल्सीदनं पुस्तकातली नुसती लक्षणं वाचायचा अवकाश, म्हातारी आजार ओळखून मोकळी.

पुढे एका दुपारी व्हर्लीन कॉलेजात असताना अल्सीद तळलेल्या माशाचं जेवण करून ओसरीवर आला, आणि त्याच्या पोटात अशी कळ आली की तो कठड्याला धरून वाकला. कपाळावर घाम फुटला.

"मिस ओडील!" तो ओरडला. "उजव्या बरगडीखाली दुखतंय! कळ खांद्यापर्यंत जातेय! मळमळतंय!"

मिस ओडील भेंडी खुडत होती. तिनं मानही वर केली नाही. "पित्ताशयातले खडे!" ती म्हणाली. "बरोबर?"

"बरोबर असेल! आई गं! मेलो!"

"बरोबर ना?" मिस ओडील खुशीत म्हणाली. "मग थांबलास का? पुढचा वाच!"