धोंड्याच्या महिन्यातली मॅच

नवनाथ सर सकाळी अकराला मैदानावर आले, तेव्हा तिसऱ्या बेसवर आचारी तूप कढवत होता.

"हे काय चाललंय?"

"धोंडे," आचारी म्हणाला. "जरा लांब उभे राहा, तूप उडंल."

मैदान म्हणजे मखमलाबाद रस्त्यावरचं झुंबरशेठचं लॉन्स. झुंबरशेठ मूळचे देवळ्याचे, कांद्याचे व्यापारी. कांद्यातला पैसा लॉन्समध्ये गेला आणि लॉन्समधला पैसा, कुणीतरी भरीस घातल्यामुळे, 'नाशिक गर्जना' नावाच्या व्यावसायिक बेसबॉल संघात गेला. पहिल्या वर्षी संघ सगळे सामने हरला, तेव्हा अनुभव नाही असं सांगण्यात आलं. दुसऱ्या वर्षी हरला, तेव्हा अंपायरला नावं ठेवण्यात आली. तिसऱ्या वर्षी एक सामना जिंकला, कारण समोरच्या संघाची बस कसारा घाटात बंद पडली. त्या विजयाची पंचवटीतून मिरवणूक निघाली आणि मिरवणुकीत आपल्याच पिचरच्या पायावरून रिक्षा गेली. चौथ्या वर्षापासून कारणं देणं बंद झालं.

नवनाथ सर या संघाचे मॅनेजर. त्यासाठी त्यांनी नाशिक रोडच्या एका शाळेतली खेळशिक्षकाची कायम नोकरी सोडली होती. त्यांची बायको छाया हे कधी बोलून दाखवत नसे. फक्त त्या शाळेवरून जाताना ती रिक्षावाल्याला हळू घ्यायला सांगे.

यंदा मात्र प्रश्न हरण्याचा नव्हता, संपण्याचा होता. लीगचा नियम असा, की हंगामात घरच्या मैदानावर निदान एक सामना पुरा झालाच पाहिजे. नाहीतर संघ कायमचा बाद. आणि संघ बाद म्हणजे सरही बाद. एप्रिल-मेमधल्या प्रत्येक सामन्याच्या दिवशी लॉन्सवर लग्न निघालं. "मॅच पुढं ढकलता येती सर, मुहूर्त ढकलता येतो का?" असं झुंबरशेठ विचारत. शेवटी सरांनी पंचांग आणलं आणि राहिलेला एकच सामना अधिक महिन्यात धरला. अधिकात कुणी लग्न करत नाही. ही युक्ती त्यांना इतकी आवडली होती की छायाला त्यांनी ती दोनदा सांगितली. अधिकात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही, कारण त्यांना स्वतःला सासरहून बोलावणं येऊन बरीच वर्षं झाली होती.

"आमच्या पोरीचा, आरोहीचा पहिला धोंडा हाय," झुंबरशेठ म्हणाले. "संध्याकाळी तीनशे पान हाय. पण तुमी घ्या मॅच. पाव्हण्यांना तेवढाच विरंगुळा."

चूल सरकवता सरकवता, जावयाची पाद्यपूजा होता होता, तीनचा सामना साडेचारला सुरू झाला. साताऱ्याचा संघ आला होता. पुण्याहून लीगनं पाठवलेल्या अंपायर चैताली मॅडम आल्या होत्या. त्या कमी बोलत आणि हसत त्याहून कमी. इतिहासात पहिल्यांदाच गर्जनेला प्रेक्षक लाभले होते. ते जेवणाची वाट बघत होते.

दुसऱ्या डावात जावई, योगेश, मांडवातून उठले. सटाण्याला त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि अंगावर त्या दिवशीचा नवा सफारी होता. "मामा, मी पण खेळतो."

"त्याला खेळाडू म्हणून नोंद लागते," सर घाईनं म्हणाले.

"हाय की," झुंबरशेठ म्हणाले. संघाची नोंदणी त्यांनी पतसंस्थेसारखीच केली होती. घरातले सगळे पुरुष आत घेतले होते, आणि साखरपुडा झाल्या दिवशी जावईही.

योगेशराव बॅट घेऊन उभे राहिले. तीन चेंडू आले. तिन्ही वेळा त्यांनी जोरात बॅट फिरवली आणि तिन्ही वेळा चेंडू त्यांना न भेटता गेला.

"आऊट," चैताली मॅडम म्हणाल्या.

मांडवातली सनईची टेप कुणीतरी बंद केली. योगेशरावांनी बॅट जपून खाली ठेवली, जाऊन गाडीत बसले आणि काच वर केली.

सासूबाई, कुसाबाई, तरातरा मैदानात आल्या. "जवाई शे तो आमना. धोंडाना महिनामा त्याले भाईर काढतस?"

"तीनदा हुकलं की आऊट असतं, ताई," सर म्हणाले.

"मंग चौथ्यांदा टाका," झुंबरशेठ म्हणाले. "आमी कुठं नाय म्हणतो? नायतर मॅच बंद. जावई गाडीत रुसून बसलाय आन् मी हितं बेसबॉल बघू?"

सरांना शाळेचं गेट दिसायला लागलं. ते तडक साताऱ्याच्या कप्तानाकडे, सोमनाथकडे गेले. सोमनाथ मॅचचं कारण सांगून स्वतःच्या सासरचं धोंड्याचं आमंत्रण टाळून आला होता आणि सकाळपासून बायको त्याचा फोन उचलत नव्हती. त्याला सगळं लगेच समजलं. मग सर गाडीपाशी आले आणि काचेवर टकटक केली.

"दाजी, पुढच्या वेळी बॅट हलवायचीच नाही. नुसतं उभं राहायचं. सातारकर चार चेंडू तुमच्यापासून लांब टाकतील आणि तुम्हाला पहिला बेस मिळेल."

"काही न करता?"

"काही न करता."

"मानानं?"

"नियमानं."

योगेशरावांनी काच पूर्ण खाली घेतली. "हे आधी सांगायचं ना, सर."

चैताली मॅडमनी नियम आठवून पाहिला. त्यात जावयाविरुद्ध काही नव्हतं. सामना पुढे सरकला. योगेशराव दोनदा आले, दोनदा नुसते उभे राहिले आणि दोनदा टाळ्या घेत पहिल्या बेसवर गेले.

शेवटच्या डावात सातारा सहा, नाशिक पाच. दोन गडी बाद, तिसरा गेला की खेळ संपला. आभाळ भरून आलेलं. मैदानाला दिवे नव्हते, मांडवाला होते, पण ते निळे-गुलाबी. योगेशराव पुढच्यांच्या कृपेनं सरकत सरकत तिसऱ्या बेसला पोचले होते. ते तिथून शेवटच्या बेसवर आले तर बरोबरी. बरोबरी झाली की जादा डाव, आणि जादा डावाला उजेड नाही. म्हणजे सामना अपुरा, म्हणजे संघ बाद. पाच वर्षं ज्या एका धावेसाठी नवनाथ सर काळारामापुढे हात जोडत आले होते, ती धाव आता होऊ नये म्हणून त्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात चेंडू कॅचरच्या हातून सुटला आणि पार आचाऱ्याच्या चुलीपर्यंत गेला.

"दाजी, पळा," सगळा संघ ओरडला.

योगेशराव निघाले. पळाले नाहीत. तीनशे माणसांसमोर जावयानं पळायचं कसं? ते सफारी सावरत चालत आले. चेंडू इतका लांब गेला होता की चालतसुद्धा ते सहज पोचले असते. पण शेवटच्या बेसपुढे कुसाबाई ताम्हण घेऊन उभ्या होत्या. जावई एवढा फिरून येतोय, तर त्याला ओवाळल्याशिवाय आत कसं घ्यायचं?

योगेशराव एक पाऊल अलीकडे थांबले. टोपी सारखी केली. कुसाबाईंनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, दिवा ओवाळायला घेतला. वारा होता, दिवा विझला. आरोही काडीपेटी आणायला धावली. एव्हाना साताऱ्याचा कॅचर चेंडू घेऊन येऊन उभा होता. ओवाळणं होईपर्यंत तो थांबला असता, पण सोमनाथनं लांबूनच 'लाव' अशी खूण केली. कॅचरनं चेंडू अदबीनं योगेशरावांच्या खांद्याला लावला.

"आऊट," चैताली मॅडम म्हणाल्या. "सामना संपला."

"पूर्ण झाला ना, मॅडम?" सरांनी विचारलं.

"झाला."

"नक्की?"

"सर, तुम्ही हरलात. आणखी किती नक्की पाहिजे?"

नवनाथ सरांनी त्यांना वाकून नमस्कार केला. छायाला फोन लावून संघ वाचल्याचं सांगितलं. ती म्हणाली, जेवून या.

इकडे योगेशराव पुन्हा गाडीत होते. या वेळी काच वर करून त्यांनी कुलूपही लावलं होतं. तीनशे पानं मांडून तयार आणि जावई जेवेना. झुंबरशेठ काचेला तोंड लावून विचारत होते, "अंगठी करू का? बुलेट घ्यायची का? काय पायजे ते मागा, जावईबापू."

काच दोन बोटं खाली आली. "मला ही टीम द्या."

झुंबरशेठनी आयुष्यात इतक्या चटकन कुणाला काही दिलं नव्हतं. अंगठीचं आणि बुलेटचं नाव परत निघू नये म्हणून त्यांनी लगेच आरोहीला हळदकुंकू आणायला सांगितलं.

पंगत बसली. योगेशरावांनी हाक मारून सरांना शेजारी बसवलं.

"तुम्ही कुठं जायचं नाही, सर. मॅनेजर तुम्हीच."

"बरं."

"पुढच्या वर्षी पहिल्या नंबरला मी येणार. आमचे दोन भाऊ आहेत, ते मागोमाग."

"बरं."

योगेशरावांनी धोंड्यावर तूप ओतून घेतलं, थोडा विचार केला आणि आवाज खाली आणला. "आणि एक विचारायचं होतं. ते मध्ये मध्ये पळायचं असतं, ते सगळ्यांनाच कंपल्सरी असतं का?"

"आपल्या संघात तरी नाही," नवनाथ सर म्हणाले आणि त्यांनी पान पुढे केलं.