चाकापुढचे गोटे

मोटारीचा पट्टा आठवडाभर चिरकत होता आणि मन्सूर टेलर आठवडाभर मोटारीला पडदे शिवत होता.

सिंदेवाहीच्या बाजारात मन्सूरचं दुकान. कापड हातात आलं की आधी ते उलटं करून बघायचं, अस्तराची नियत तपासायची आणि मगच वरच्या रंगाला दाद द्यायची, ही त्याची रीत. पण गेल्या ईदेनंतर घेतलेल्या त्या जुन्या पांढऱ्या मोटारीपुढे तो ही रीत पार विसरला. सीटांना मखमली खोळी, खिडक्यांना झालरीचे पडदे, स्टिअरिंगला लोकरीचं वेष्टन. बॉनेट मात्र त्याने एकदाही उघडलं नाही.

"सुनता का?" निघायच्या सकाळी साबिरा म्हणाली. "हे समोरून काय रडून राह्यलं?"

"पंख्याचा पट्टा हाय."

"मंग बदलून घ्या ना. आन् हँडब्रेक?"

"तोबी लागते. कधी कधी."

"त्यापरीस आपन बशीनं जाऊ."

"भाचीच्या निकाहले मामू बशीतून उतरन?" मन्सूर दुखावल्यासारखा म्हणाला. "लग्नाच्या घरी कोनी ना कोनी रडतेच. रडू दे पट्ट्याले."

भाची म्हणजे फरहा, धानोऱ्याच्या थोरल्या बहिणीची, नाहीदआपाची एकुलती एक. आई गेली तेव्हा मन्सूर लहान होता. आपानेच त्याला वाढवलं, आपानेच त्याच्या हातात सुई दिली. म्हणून फरहाचा निकाहचा जोडा मामूच शिवणार, हे ती पाळण्यात होती तेव्हापासूनचं ठरलेलं. लालभडक कापड, जरीची किनार, आणि अस्तर असं की जोडा उलटा घातला तरी कोणी नाव ठेवू नये. पांढऱ्या चादरीत गुंडाळून तो डिकीत ठेवला होता. दुपारी जोहरच्या नमाजनंतर निकाह होता. आपाचा निरोप होता, 'जोडा आल्याबिगर पोरगी तयार होनार नाई. वखतावर ये, बस.'

वैनगंगेचा पूल गेला, गडचिरोली मागे पडली. चैताचं रान दोन्ही बाजूंनी उघडंबोडकं उभं होतं. पळस मात्र लाल, आणि मोहाखाली जमीन दिसू नये इतकी फुलं. त्या गोड वासात मोटारीने एक लांब चढ रडत रडत काढला. माथा ओलांडून ती उताराला लागली, तोच पुढे फटकन आवाज झाला आणि रडणं एकाएकी थांबलं.

"पाह्य," मन्सूर म्हणाला, "चूप झाली का नाई?"

 साबिराने नुसतं बोट दाखवलं. बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती.

मन्सूरने गाडी कडेला घेतली, पहिल्यांदाच बॉनेट उघडलं आणि आत पाहिलं. पट्टा तुटून लोंबत होता. रेडिएटर भाताच्या पातेल्यासारखा खदखदत होता. त्याने रुमाल काढून झाकणाला हात घातला.

"हात नका लावू!" साबिरा ओरडली. "उकळी फुटली असता झाकन उघडते का कोनी? तोंड भाजन ना! जोड्याऐवजी तुम्हालेच चादरीत गुंडाळून न्या लागन."

तो मागे सरकला. त्याच्याबरोबर मोटारही सरकली, पण पुढे. 'कधी कधी' लागणाऱ्या हँडब्रेकची आज लागायची इच्छा नव्हती. दोघं धावली. साबिराने रस्त्याकडेचा एक गोटा उचलून पुढच्या चाकाखाली सारला, मन्सूरने दुसरा. मग चारही चाकांना मागून पुढून गोटे लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं म्हणून त्याने पळसाच्या डहाळ्या तोडून अर्ध्या रस्त्यावर अंथरल्या.

"धोक्याले लाल कापड लावा लागते," मन्सूर म्हणाला.

दोघांची नजर एकदमच डिकीकडे गेली आणि एकदमच परत आली. साबिराने मुकाट्याने पिशवीतून हिरवी ओढणी काढली. ती एका बांबूला बांधून त्यांनी गाडीमागे गोट्यांत रोवली.

तेवढ्यात धानोऱ्याकडून गडचिरोलीला जाणारी बस आली. मन्सूरने तुटका पट्टा कंडक्टरच्या हाती दिला. "भाऊ, याच्याच मापाचा आना. येतानी द्या."

"देतो. पर गाडी नवरीवानी सजवली आन् पट्टा असा काऊन ठेवला?" कंडक्टर म्हणाला आणि घंटी मारून गेला.

ऊन वाढलं. रेडिएटर निवेपर्यंत पाणी आणावं म्हणून मन्सूर डबा घेऊन खालच्या नाल्याकडे उतरला. साबिरा पडदे ओढून आत पडून राहिली. नाल्यावर मन्सूरने हातपाय धुतले, नमाजआधीची वजू केली आणि पाण्यात बघत उगाच थोडा वेळ बसला. आपाचं दार त्याला दिसत होतं. दारातली आपा दिसत होती. पट्ट्याचं चिरकणं आता त्याला कानात नाही, छातीत ऐकू येत होतं.

तो वर आला आणि जागीच थबकला. चाकापुढचे गोटे वाढले होते. त्याने पुढच्या बाजूला ठेवले होते दोन-चार, आता छोटासा ढीग झाला होता. ढिगावर हिरवा पाला आणि ओंजळभर मोहफुलं. मोह वेचून परतणाऱ्या बाया टोपल्या उतरवून एकेक गोटा ठेवत होत्या, हात जोडत होत्या आणि सावलीत जाऊन गप बसत होत्या. त्यांच्यातली एक हलक्या आवाजात गात होती.

मोह वेचता वेचता, टोपलीत ऊन आलं
भाऊ येते म्हने बाई, वाटेचं रान झालं

मन्सूर पाय न वाजवता गाडीकडे गेला. त्याने काच ठोठावली. "साबिरा! ऊठ. आपन कोनाच्या देवावर गाडी उभी केली."

साबिराने पडदा सारून पाहिलं. "या अल्ला! इथी त्यांचं ठिकान असन."

या रानात अशी ठिकाणं असतात, हे मन्सूरला ठाऊक होतं. वाटेतला देव. जाणारा गोटा ठेवतो, डहाळी ठेवतो आणि पुढे जातो. बसचे ड्रायव्हरही सोडत नाहीत. मन्सूरने चपला काढल्या. साबिरानेही काढल्या. एक म्हातारा काठी टेकत आला, डोईचं फडकं सोडलं, दोन्ही हातांनी मोठा गोटा ठेवला आणि बायांशेजारी बसला. त्याने मन्सूरकडे पाहून मान लववली. मन्सूरने त्याहून खाली लववली.

परतीची बस आली. कंडक्टरने खिडकीतून नवा पट्टा दिला. ड्रायव्हर भला होता, उतरून पान्याने पट्टा बसवून दिला, पाणी भरलं, ढिगाला हात जोडले आणि म्हणाला, "झाली तुमची गाडी. नाईतर बसा बशीत, धानोऱ्यालेच चाललो."

"चला हो," साबिरा म्हणाली. "जोडा घ्या आन् चला. गाडी मागून नेऊ."

हाच तो क्षण, जो मन्सूर पुढे कितीतरी वेळा उलटा करून पाहणार होता. पण त्या वेळी नवा पट्टा चकाकत होता, पडद्यांची झालर वाऱ्यावर हलत होती, आणि आपाच्या दारात गाडीतून उतरायचं चित्र अजून मनातून उतरलं नव्हतं. "गाडी तयार हाय ना आता," तो म्हणाला. "बशीच्या आंधी पोचतो."

बस गेली. राहिले ते गोटे.

"कहाडा ना," साबिरा कुजबुजली.

"तू कहाड."

"मी कशी कहाडू? समोर बसून राह्यले ते."

"उठतीनच थोड्या वेळानं. त्यांची पूजा होऊ दे. लग्नाच्या दिवशी कोनाच्या देवाले धक्का नाई लावत मी."

पण कोणी उठेना. म्हातारा मोटारीकडे पाहत होता, मन्सूर म्हाताऱ्याकडे. नजरानजर झाली की दोघं अदबीने हसत. जोहरची वेळ झाली. नुसतं उभं राहून काय करायचं, म्हणून मन्सूरने तिथेच रुमाल अंथरून नमाज पढली. तो उठला तेव्हा सावलीतली सगळी माणसं आणखीच गप झाली होती. मुलांना कोणीतरी दटावलंही.

सावली एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली गेली. शेवटी म्हातारा खाकरला.

"भाऊ, राग नका धरू. तुमचं किती वेळचं असते हे?"

"काय?"

"हेच. देव मांडला ना तुम्ही. आमची बैलबंडी आनाची हाय या वाटेनं, बांबू भरून. पर तुमचं होऊ द्या. आमाले घाई नाई."

मन्सूरला ऐकलेलं खरं वाटेना. "बाबा, देव तुमचा हाय ना?"

"आमचा?" म्हातारा चकित झाला. "आमचा देव त तिकडं, नाल्यापल्याड. हा तुमचा नोहे का? हिरवं फडकं लावलं, गोटे मांडले, बाई पडद्यात बसली. तुम्ही हातपाय धुवून आले, चपला काढल्या. मंग निमाज केली. ही रुखमा मले म्हने, पत्रूबुवा, मुसलमान भाऊचं काही ठिकान असन. म्हटलं, आपल्या रानात मांडला त आपनबी एक एक गोटा ठेवू. पाहुन्याच्या देवाले नाई कसं म्हनाचं?"

साबिराने पदर तोंडाशी घेतला. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"बाबा," मन्सूरने हात जोडले, "हँडब्रेक लागत नाई हो माझा."

 आधी रुखमा हसली, मग सगळ्या बाया, मग पत्रूबुवा काठीवर डोकं टेकून हसला. "मंग सांगाचं ना, भाऊ! सकाळधरून आमी उपाशी बसलो."

"मीबी भेतभेत उभाच ना इथी!"

सगळे हात गोट्यांना लागले. मोहफुलं आधी नीट बाजूला झाली, मग डहाळ्या निघाल्या. पुढच्या चाकांचे गोटे तेवढे उरले, तोच समोरून, धानोऱ्याकडून, फुलांनी मढवलेली जीप चढ चढत आली आणि रस्त्यात गोटे आणि माणसं पाहून थांबली. फरहाच्या सासरची, मूल गावची वरात होती. दिवस बुडायच्या आत रानाबाहेर पडायचं म्हणून नवरी घेऊन लवकर निघालेली.

मन्सूरच्या हातातला गोटा हातातच राहिला.

मागचं दार उघडलं. फरहा उतरली. मामूला पाहून तिचा चेहरा आधी उजळला, मग पडला.

"कुठी होते मामू? अम्मीनं काझीसाहेबाले चार वेळा चहा पाजला. मंग ते म्हनाले, आता पोटात जागा नाई."

मन्सूर डिकीकडे धावला. चादर उलगडली. लाल जोडा उन्हात असा झळकला की पळसानेही मान खाली घालावी. तो पुढे करताना त्याचं लक्ष फरहाच्या अंगावर गेलं आणि हात अर्ध्यावर थिजले.

तिच्या अंगावर जुना जोडा होता. रंग विटून विटकरी झालेला. डावी बाही उजवीपेक्षा आखूड. गळ्याची पट्टी एकीकडे कललेली. मिसरूड फुटायच्या वयात, नाहीदआपाच्या लग्नासाठी, मन्सूरने आयुष्यातला पहिला जोडा शिवला होता. त्याच्या हातचं सर्वांत वाईट काम. शहाणा झाल्यापासून तो आपाला म्हणत आला होता, फेकून दे.

"सासरच्यांनी नवा आनला होता," फरहा म्हणाली. "अम्मी म्हने, मामूच्या हातचाच घालाचा. पेटीतून हा काढला."

"बाही तरी सोडून देतो," मन्सूर कसाबसा म्हणाला. "सुई हाय माझ्याजवळ. थांब थोडीशी."

"राहू द्या मामू." तिने ती आखूड बाही दुसऱ्या हाताने झाकली, जणू तो तिच्याकडून हिसकावणार होता. "वरातीत सगळ्यांनी पाह्यली. मी सांगितलं, माझ्या मामूनं शिवली."

ती परत जीपमध्ये बसली, तेव्हा नवा जोडा साबिराने तिच्या मांडीवर ठेवला. जीपने हॉर्न दिला. बायांनी शेवटचे गोटे भराभर उचलले, मोटार हातांनी ढकलून आणखी कडेला घेतली, आणि नवरी वाटेला लागली. धूळ पळसावर बसली.

मन्सूर रस्त्याच्या मधोमध उभा होता. पत्रूबुवा जवळ आला.

"भाऊ, पोरगी कोन?"

"भाची."

पत्रूबुवाने मान हलवली. थोडा विचार केला. "मंग रडून घ्या, भाऊ. आमी तिकडं पाह्यतो."

आणि खरोखरच ती सगळी माणसं, टोपल्या काखेत धरून, रानाकडे तोंड करून उभी राहिली.