चौथी बरणी

नाटक मंडळीच्या स्वयंपाकघरात भामाबाईचं राज्य होतं. रंगमंचावर राजा कोणी का असेना, पाटावर बसला की भामाबाई वाढेल ते आणि वाढेल तेवढं. बावीस वर्षांत तिच्या आमटीत मीठ कमी पडलं, असं म्हणणारा माईचा पूत सांगलीत निपजला नव्हता.

लढाई संपली आणि तिचा लेक कृष्णात पलटणीतून विजेचं काम शिकून आला, तो थेट मंडळीच्या बिऱ्हाडी. त्यानं गॅसबत्त्या उतरवल्या आणि विजेचे दिवे कमीजास्त करायची युक्ती केली. चार बरण्यांत मिठाचं पाणी, प्रत्येकीत दोरीनं टांगलेला पत्रा. पत्रा पाण्यात सोडावा तसा रंगमंचावरचा दिवा उजळे, वर ओढला की मंद होई. तीन बरण्या बाजारातल्या. चौथी भामाबाईच्या आईची, कुंडलहून आलेली, लोणच्याची. "खेळ झाला की माघारी दे. चरा पडला तर बग," असं बजावून दिलेली.

मालक विष्णुपंतांनी सांगून टाकलं होतं, "आजच्या तालमीत दुसऱ्या अंकातली पहाट नीट उगवली, तर कृष्णात कायम. नाहीतर आपल्या गॅसबत्त्या बऱ्या." कायम नाही झाला तर पोरगा मुंबईला गिरणीत जाणार. भामाबाईनं सहा वर्षं त्याची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घेतली होती. आता पुन्हा ते नको होतं. पण तसं बोलून दाखवील तर ती भामाबाई कसली!

तालीम सुरू झाली. एक, दोन, तीन नंबरचे दिवे झकास. चौथा, पहाटेचा तांबडा, विडीच्या टोकाएवढा पेटला आणि तिथंच बसला. कृष्णातनं पत्रा तळाला टेकवला. विडी ती विडीच.

त्यानं दिवा बदलला. तार बदलली. पत्रा घासला. मग फ्यूज तपासायला गेला आणि रंगपटाचाच काढून बसला. आतून राणीच्या वेषातला गंगाधर एकच भुवई घेऊन धावत आला. "अहो, दुसरी कशाच्या अंदाजानं काढू?"

"नशीब समज," भामाबाई दारातून म्हणाली, "अंधारात मिशा न्हाई काडल्यास. आनि काय रं कृष्णा, पलटणीत बटाटंच सोलत हुतास का?"

"आये, जरा गप ऱ्हा की!"

शेवटी त्यानं मेन बंद केलं, चौथ्या बरणीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"अळणी!"

"म्हणजे तू मीठच घातलं नाहीस?" विष्णुपंत कडाडले. "बरणी भरता येत नाही, आणि पहाट करणार! आवर तुझं बाडबिस्तर."

"घातलं हुतं मालक. चारीत सारकंच."

सकाळीच भामाबाईनं बरणीत हिरवट पाणी पाहिलं होतं. शिळं पाणी भांड्यात ठेवणं तिच्या घराण्यात नव्हतं. तिनं पत्रा बाजूला केला, पाणी ओतलं, बरणी राखेनं लख्ख घासली, कृष्णेचं ताजं पाणी भरलं आणि पत्रा होता तसा टांगला. पाहिलं कोणीच नव्हतं. कृष्णात मान खाली घालून तार गुंडाळत होता. लहानपणी नाहक मार बसला की असाच बसायचा.

"म्या वतलं," ती म्हणाली.

"काय?"

"बहिरं झाला का पंत? म्या वतलं! माज्या आईची बरनी शेवाळली हुती, घासली. द्या फाशी!"

कोणी काही बोलायच्या आत ती मिठाचं मडकं घेऊन आली.

"आये, मोजून घालाय पायजे."

"बावीस वरसं काय मोजून घालतीया? सर तिकडं."

एक मूठ पडली, कृष्णातनं काठीनं ढवळलं, मेन लावलं. दिवा कण्हला. मेन बंद. आणखी दोन मुठी. असं करता करता तिनं मडकंच उपडं केलं. आता कृष्णातनं दोरी सोडली, आणि पडद्यावरच्या डोंगरांमागून तांबडं हळूहळू वर चढलं. एका भुवईची राणीसुद्धा दुसरी भुवई विसरून बघू लागली.

भामाबाई स्वयंपाकघरात परतली. चुलीवर तीस माणसांची आमटी उकळत होती आणि मडकं पालथं होतं. ती शेजारी बनुबाईकडे निघाली, तो समोरच्या घरात समई लागलेली दिसली. दिवेलागणीनंतर मीठ मागू नये, देऊही नये. गेल्याच आठवड्यात बनुबाई वाटी घेऊन आली होती, तेव्हा हाच शास्त्रार्थ सांगून भामाबाईनं तिला रिकामी परत पाठवली होती. ती उंबऱ्यावरूनच मागं फिरली.

पंगत बसली. पहिला घास सगळ्यांच्या तोंडात, आणि तोंडं बंद. कोणी कोणाकडे बघेना. अखेर विष्णुपंतांनी वाटी खाली ठेवली.

"भामाबाई, चौथ्या बरणीतलं पळीभर वाढता का?"

पंगत खिदळली. भामाबाईनं कमरेवर हात ठेवले.

"वाडते की. पर त्यात करंट हाय. खेळाआदीच पडदा पडंल तुमचा." मग जरा थांबून, आवाज उतरवून, "ती बरनी माघारी न्यायची हुती मला."

"आता नाही मिळायची. कायम झाली ती," पंत म्हणाले. "तिचा माणूसही."

भामाबाई चुलीकडे वळली. धूर बराच झाला असावा, कारण डोळे पुसायला तिला वेळ लागला. मग परत येऊन तिनं पंतांच्या वाटीत, न मागता, आणखी दोन पळ्या अळणी आमटी ओतली. पंतांनी ती मुकाट्यानं संपवली.