सौरवच्या समुपदेशनाबाबत जाहीर निवेदन

माणसाच्या आयुष्यात बोलणं ही अत्यंत महत्त्वाची क्रिया आहे आणि ती शक्यतो दुसऱ्यानं करावी, असा आमच्या कडोली भागाचा अनुभव आहे. मुलगी बघायला गेलं की मुलाचा काका बोलतो. कोर्टात वकील बोलतो. मयताच्या घरी तर मेलेल्याला ज्यानं धड बघितलेलंही नसतं तोच जास्त बोलतो. ज्याचं काम असतं त्यानं मान खाली घालून बसायचं. इतकी सोयीची पद्धत मोडण्यासाठी बेळगावात पदव्या घेऊन लोक बसलेत, हे आम्हांला अलीकडेच समजलं.

तरी ज्यांना समुपदेशकाकडं प्रथमच जायचं आहे, त्यांच्या माहितीसाठी आमचा अनुभव देत आहे. मी मारुतीराव, तहसीलदार कचेरीतून निवृत्त कारकून (त्यामुळे थोडक्यात लिहायची सवय नाही).

प्रकरण माझा पुतण्या सौरव याचं. वय सव्वीस, नोकरी फाउंड्रीत. गेल्या वर्षी त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू आण्णाप्पा, रानात छातीत कळ येऊन गेले. तेव्हापासून पोरगं बोलेना. ताटावर बसायचं, भाकरी मोडायची आणि तसंच उठायचं. अकरा किलो उतरलं. आम्ही घरगुती उपाय सगळे केले. ‘मनाला लावून घिऊ नको’ हे वाक्य त्याला रोज सरासरी चौदा वेळा ऐकवण्यात आलं (रविवारी पाहुणे असल्यानं बावीस). गुण आला नाही. शेवटी कंपनीनं कळवलं, हा मशीनपुढं उभा राहून भलतीकडंच बघत असतो, एक दिवस हात जाईल, समुपदेशकाला दाखवा. हात म्हटल्यावर मालुबाई वहिनी, म्हणजे सौरवची आई, घाबरली आणि भावकीची बैठक बसली.

पहिल्या भेटीला सोबत काय न्यावं? आम्ही क्रूझर नेली. महत्त्वाच्या कामाला एकट्यानं जाणं बरं दिसत नाही, म्हणून मी, माझी पत्नी रुक्माबाई, वहिनी, भावकीतले वडीलधारे भावकू अण्णा आणि मागच्या सीटवर सौरव, असे निघालो. मी एक फाईलही केली होती. तीत सौरवचं दहावीचं मार्कलिस्ट, आधार कार्ड आणि वर्तणुकीचा दाखला होता (दाखला शाळेचा, पण वर्तणूक काय बदलत नाही).

समुपदेशक सुनयना मॅडम मूळच्या निपाणीच्या. खोलीत खुर्च्या दोनच. एवढं शिकूनही माणसं किती येणार याचा अंदाज बांधता येऊ नये, याचं नवल वाटलं. आम्ही बाहेरून बाकडं आत घेतलं. भावकू अण्णांनी रिवाजाप्रमाणे मॅडमना आडनाव विचारलं (हेतू निव्वळ सामान्यज्ञानाचा होता). मॅडम म्हणाल्या, “सुनयना म्हणा, चालतंय.” त्यावर अण्णा मिनिटभर गप्प राहिले, आणि हा त्यांच्या हयातीतला विक्रम आहे.

मग मॅडमनी सौरवकडं बघून विचारलं, “तुम्हाला काय वाटतंय?”

“बरं वाटतंय त्याला,” भावकू अण्णांनी सांगितलं. “पोरगं गुणी हाय बगा. घरात काय कमी न्हाय. नुसतं बोलत न्हाय, तेवढं सुरू करून द्या.”

भेट पन्नास मिनिटांची असते. तिचा तपशील असा : भावकू अण्णा एकोणीस मिनिटं, मी सोळा, वहिनी (रडण्यासह) अकरा, मॅडम चार. रुक्माबाईंनी डोळ्यांनी भाग घेतला. सौरव निरंक.

निघताना मॅडमनी एक नियम सांगितला, की इथं झालेलं बोलणं इथंच राहतं. नियम आम्हांला फार आवडला. गावात ज्याला ज्याला सगळी हकिगत सांगितली, त्या प्रत्येकाला हा नियमही सांगितला.

दुसऱ्या भेटीला मॅडमनी सगळ्यांना बाहेर बसवलं. भावकू अण्णांच्या मते हा अपमान होता. सौरवची हरकत नसेल तर एकाला आत थांबता येईल, असं ठरलं. त्यानं माझ्याकडं बोट केलं. एवढ्या माणसांत माझी निवड झाली म्हणून मी टोपी सारखी करून बसलो.

समुपदेशनात पुढं काय होतं, तर काहीच होत नाही. मॅडम गप्प. सौरव गप्प. शांततेत मला गुदमरायला होतं, म्हणून मी सुरुवात केली, “त्याचं काय हाय मॅडम...”

“काका, त्याला येळ द्या जरा,” मॅडम म्हणाल्या.

सहा मिनिटं गेली. मग पोरगं जमिनीकडं बघत बोललं.

“आप्पा गेले त्या दिवशी त्यांनी मला फोन केलता. अकरा वाजून दहा मिनिटांनी. ड्यूटीवर फोन लॉकरात ठेवाय लागतोय. शिफ्ट सुटल्यावर बघितलं. त्यांना लई दुखत असंल काका. मी उचलला असता तर आलं असतं कोण तरी.”

इथं माझ्याकडं ‘मनाला लावून घिऊ नको’ हे वाक्य तयार होतं. ते तोंडातून येईना.

कारण अकरा वाजून बारा मिनिटांनी तोच फोन मला आला होता. माझा मोबाईल लॉकरात नव्हता, समोर टेबलावर होता. सौरवच्या थोरल्या बहिणीच्या लग्नपत्रिकेत माझं नाव भावकू अण्णांच्या खाली छापल्यामुळे (वस्तुतः मी सख्खा) आण्णाप्पाशी माझा दोन वर्षं अबोला होता. नाव दिसलं, तसा मी फोन पालथा घातला आणि चहा घेतला. या घटनेची नोंद मी आजवर कुठंही केली नव्हती.

ती त्या खोलीत सौरवसमोर तोंडी केली. पोरगं आता उठून माझी गचांडी धरेल, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्यानं धरावी असंही वाटलं. तो उठला. मॅडमना म्हणाला, “ऱ्हायलेला येळ काकांना द्या. मी भायेर थांबतो.” जाताना त्यानं माझी टोपी खालनं उचलून मांडीवर ठेवली. ती कधी पडली, मला ठाऊक नाही.

तेव्हापासून सौरव दर बुधवारी एकटा जातो. दोन भाकरी खातो. माझ्याशी अजून बोलत नाही, पण ते न बोलणं निराळं आहे, ते मला ऐकू येतं. शुक्रवारची वेळ माझी आहे. भावकीला ‘पोराचा रिपोर्ट आणाय जातोय’ असं सांगतो.

तर वाचकहो, एवढं निवेदन तुम्ही वाचलंत ते अर्थातच घरातल्या दुसऱ्या कुणासाठी तरी. असं एखादं माणूस प्रत्येक घरात असतंच. त्याला जरूर घेऊन जा. फक्त ‘बाहेर थांबायची तयारी ठेव’ एवढं त्याला आधी सांगून ठेवा.