दोन मिनिटं स्तब्ध

सभा कशी चालवावी हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं. मी राज्यशास्त्राचा एम. ए. आहे आणि आमच्या नगरपरिषद संघाचा पगारी कार्यवाह आहे. मी काढलेल्या विषयपत्रिकेतून विषय निसटणं म्हणजे चिमट्यातून निखारा निसटणं. होत नाही. झालंच तर पोळतो मीच, पण ते पुढे येईल.

संघ म्हणजे आसपासच्या लहानसहान नगरपरिषदांची एकजूट. एकट्या गावाचं मुंबईत कुणी ऐकत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून एका आवाजात बोलावं आणि लोकशाही बळकट करावी, असं संघाच्या घटनेत पहिल्याच पानावर छापलंय. कार्यालय जिल्ह्याच्या गावी, इंदिरानगरात, पिठाच्या गिरणीच्या वर. त्यामुळे आम्ही लोकशाही बळकट करत असताना खाली सतत काहीतरी दळलं जात असतं.

तर दोन हजार एक सालच्या शेवटाला एका दुपारी जिना चढून एक बाई आल्या. हातात कोथिंबिरीच्या जुड्यांची पिशवी, कपाळावर घाम.

"संघ म्हंजे तुम्हीच का?"

"मी कार्यवाह. आपण?"

"मी नवसाबाई गांगुर्डे. पिंपळटाक्याची नगराध्यक्ष. बाजाराला आले व्हते, म्हनलं तुम्हालाबी भेटून जावं. आमचं तळं चाललंय."

चांदवडच्या पुढे आतल्या बाजूला हे पिंपळटाके. राखीव जागेवर थेट लोकांतून निवडून आलेल्या या बाई नवऱ्याच्या बरोबरीनं भाजी पिकवत आणि विकत. अख्खं गाव एका तळ्यावर पाणी पीत होतं. महामार्गालगत कारखान्यांची नवी वसाहत व्हायची होती आणि शासनाला ते तळं तिच्यासाठी हवं होतं. शासनानं संघाचा अभिप्राय मागवला होता. संघानं विरोध कळवला तर गावाची संमती घेतल्याशिवाय तळ्याला हात लावता येणार नव्हता. मार्चअखेरपर्यंत संघ गप्प राहिला, तर संमती गृहीत.

"गप राह्यलं तर व्हय म्हनलं, असं कुठं असतंय का?" बाईंनी विचारलं.

"सरकारात असतं."

"आमच्यात तर पोरीच्या लग्नात बी असं धरत नाय."

"बाई, निर्धास्त घरी जा. पुढच्या सभेत तुमचा विषय क्रमांक एक."

त्या निर्धास्त झाल्या आणि मला एक जुडी देऊन गेल्या. विषय क्रमांक एकच्याही आधी काय असतं, ते त्यांना सांगायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

विषय क्रमांक एकच्या आधी शोकप्रस्ताव असतो. दोन सभांच्या मधल्या काळात कुणी मान्यवर वारले असतील तर त्यांना श्रद्धांजली वाहायची, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आणि मृताच्या सन्मानार्थ सभा तहकूब करायची. ही थोर प्रथा. ती कुणी सुरू केली ते माहीत नाही, पण तोही वारला असणार आणि त्याच्याही वेळी सभा तहकूब झालीच असणार.

पहिल्या सभेच्या आदल्या दिवशी एक माजी आमदार गेले. आमचे अध्यक्ष कुंदनशेठ गहिवरून म्हणाले, "तळ्याचा विषय महत्त्वाचा आहे. म्हणूनच तो अशा जड अंतःकरणानं घेऊ नये." वसाहतीच्या शेजारी कुंदनशेठचे प्लॉट होते, हा योगायोग. सभा तहकूब. अशा सभेनंतरची भजी गरमागरम मिळतात, कारण आचाऱ्यालाही अंदाज असतो.

दुसऱ्या सभेला माझ्या माहितीत कुणीही वारलेलं नव्हतं. मी छाती काढून बसलो. कुंदनशेठ उठले आणि कुणा एका ज्येष्ठ मार्गदर्शकाच्या निधनाची दुःखद बातमी त्यांनी दिली. सगळे उभे राहिले. कोण गेलं हे कुणालाच माहीत नसल्यामुळे स्तब्धता फार प्रामाणिक होती. भजी खाताना कळलं, ते त्यांचे मामेसासरे.

"भाऊ," नवसाबाई म्हणाल्या, "तुमच्या संघात मानसं लय मरत्यात."

हे मला लागलं. तिसऱ्या सभेसाठी मी चोख तयारी केली. पेपर आला की आधी निधनवार्ता वाचायच्या. मग संघाच्या सगळ्या वयोवृद्ध माजी पदाधिकाऱ्यांना एकेक फोन.

"अहो, लोक सकाळी देवाचं नाव घेतात," माझी बायको प्रतिभा म्हणाली. "तुम्ही कुणाची यादी घेऊन बसता?"

"लोकशाहीचं काम आहे."

"मग तिचीही तब्येत विचारून घ्या."

फोनवर मी अगदी अदबीनं बोलायचो. "दादा, प्रकृती कशी आहे?"

"बरी आहे की. का हो?"

"पंधरा तारखेपर्यंत बरी राहील ना?"

आता यात काही वावगं आहे का? पण माणसाचं नशीब. सटाण्याकडच्या एका माजी नगराध्यक्षांना मी मंगळवारी फोन केला आणि ते बुधवारी गेले. गुरुवारपर्यंत साऱ्या जिल्ह्यात पसरलं की संघाचा कार्यवाह तारीख विचारतो आणि माणूस जातो! एकानं माझा आवाज ऐकून फोन ठेवला तो उचललाच नाही. दुसऱ्याच्या मुलानं सांगितलं, "बाबा घरी नाहीत. तुमच्यासाठी कधीच नसतील." तिसऱ्यानं घाबरून शेताची वाटणी करून टाकली आणि आता सुनेच्या घरी पाहुण्यासारखा राहतो. त्याचेही शिव्याशाप मलाच.

तिसऱ्या सभेत अर्थातच सटाण्याच्या दादांचा शोकप्रस्ताव आला. "आपले कार्यवाह अखेरपर्यंत ज्यांच्या संपर्कात होते," असं कुंदनशेठ म्हणाले आणि सभागृहानं माझ्याकडे वळून पाहिलं.

स्तब्धता संपून सभा तहकूब होणार, इतक्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. मोतीराम तात्या उभे होते. हे संघाचे संस्थापक, ऐंशीच्या पुढचे. एका कानानं बहिरे, आणि सभेत नेमका तोच कान अध्यक्षांकडे करून बसायचे.

"माझं एक ऐका," तात्या म्हणाले. "मी मेलो तर सभा तहकूब करायची नाही. उलट दोन तास जास्त चालवायची. आणि पहिला विषय या बाईंच्या तळ्याचा. ही माझी शेवटची इच्छा समजा."

"तात्या, असं अभद्र बोलू नका. तुम्ही शंभर वर्षं जगा."

"म्हणजे विषय शंभर वर्षं काढायचा नाही, असंच ना कुंदन?"

सगळे हसले. टाळ्याही पडल्या. मी तात्यांची इच्छा शब्दशः इतिवृत्तात घेतली. बाहेर नवसाबाई त्यांच्या पाया पडल्या.

"तात्या, तुम्ही मरू नका. बोलाया या."

"दोन्ही जमतंय का बघतो," तात्या म्हणाले.

जमलं नाही. मार्चच्या शेवटच्या सभेला आठवडा असताना तात्या गेले. अमरधामात तात्यांच्या चितेपाशी मी उभा होतो आणि खरोखर दुःखी होतो. पण खोटं कशाला सांगू? इतक्या मरणांत पहिल्यांदाच एक मरण आमच्या बाजूनं आलं होतं. तात्यांची इच्छा इतिवृत्तात होती. आता कोण सभा तहकूब करतो तेच बघायचं होतं.

"अहो," प्रतिभा कानाशी कुजबुजली, "चेहरा जरा पाडा. लोक बघतायत."

सभेच्या दिवशी नवसाबाई जीप भरून बायका घेऊन आल्या. त्या मागे भिंतीला टेकून बसल्या. बाईंनी भाषण पाठ केलं होतं, ओठ हलताना दिसत होते.

श्रद्धांजल्या सुरू झाल्या. प्रत्येक नगराध्यक्ष बोलला. तात्यांनी आपल्याला बोट धरून राजकारणात आणलं, असं इतक्यांनी सांगितलं की तात्यांना बोटं किती होती असा प्रश्न पडावा. प्रत्येकानं त्यांच्या शेवटच्या इच्छेचा उल्लेख केला. दोघांना रडू आलं. जेवणाची वेळ टळून गेली, तेव्हा कुंदनशेठ उठले.

"तात्यांची अंतिम इच्छा हा आपल्यासाठी आदेश आहे. ती या सभागृहानं एकमतानं मंजूर करावी असं मी मांडतो."

मंजूर! एकमतानं! मी मागे बघून नवसाबाईंना मान हलवली. त्या पदर सावरून उठल्यासुद्धा.

"आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू," कुंदनशेठ म्हणाले, "आणि सभा तहकूब करू."

मी म्हणालो, "साहेब, तात्यांची इच्छा..."

"मंजूर केली ना आपण?"

"पण तीत तहकूब करू नका असं आहे."

"कार्यवाह, इतकी थोर इच्छा मंजूर केल्यावर लगेच नळ आणि पाइप यांवर बोलायचं? तात्यांना काय वाटेल?"

सभागृह हळहळलं. तात्यांना काय वाटेल याबद्दल सगळ्यांना खात्री होती. सगळे उठले, माना खाली घातल्या, डोळे मिटले. खाली गिरणीसुद्धा बंद होती.

आणि त्या शांततेत नवसाबाई बोलू लागल्या.

"तात्या, तुम्ही म्हनला व्हता पहिला इषय माझा. म्हनून बोलते. आमचं तळं गावानं हातानं गाळ काढून राखलं. माझ्या सासूनं पाट्या वाह्यल्या, मी बी वाह्यल्या. ते उन्हाळ्यात आटत नाय. मागल्या टंचाईला हितं उभ्या असलेल्या तीन गावांला आमच्याकडनं टँकर गेले. कुंदनशेठच्या लेकीच्या लग्नाला बी गेला. तवा आम्ही कुनाचा अभिप्राय मागितला नाय."

कुणी त्यांना थांबवलं नाही. थांबवायला तोंड उघडावं लागलं असतं आणि मग तात्यांचा अपमान झाला असता. माना आणखी खाली गेल्या. एकाची चप्पल जमिनीवर घासत होती. मला वाटलं, आणखी एक मिनिट, फक्त एक, आणि कुणीतरी मान वर करील.

"ओम शांती," कुंदनशेठ म्हणाले. संघाच्या इतिहासातली ती सर्वांत छोटी दोन मिनिटं.

भजी आली. मी जिन्यापर्यंत बाईंच्या मागे गेलो. त्या थांबल्या.

"भाऊ, माझं बोलनं लिवलं का?"

"बाई, ते स्तब्धतेत झालं. स्तब्धतेचं इतिवृत्त नसतं."

"पन तुम्ही ऐकलं ना?"

"ऐकलं. पण मी उभा होतो. उभ्यानं लिहिता येत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, भाजीतला किडका नग बाजूला काढताना बघतात तसं.

"मग बसायचं व्हतं," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

इतिवृत्तात मी लिहिलं, ‘सभागृहाने दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहिली.’ मार्च संपला. संघाचा अभिप्राय मुदतीत न आल्यानं संमती गृहीत धरल्याचं शासनानं पत्रानं कळवलं, आणि लोकशाहीतील सहकार्याबद्दल आभारही मानले होते. पावसाळ्याआधी पिंपळटाक्याच्या तळ्यावर कुंपण आलं. आता त्या गावाला टँकर जातो. कधी जातो.

पुढच्या सभेत तळ्याचा शोकप्रस्ताव मांडावा असं माझ्या मनात आलं होतं. शब्दही जुळवले होते. पण मग सभा तहकूब झाली असती, आणि त्या दिवशी संघाच्या नव्या खुर्च्यांचा विषय होता.