सासरेबुवांचा शनी

"रविवारी संध्याकाळी येतोय. सोसायटीतल्या लोकांना गच्चीवर बोलाव. शनी दाखवायचाय," धोंडिराम सर फोनवर म्हणाले. "आणि या वेळी दुर्बीण तू लावायचीस."

"हो बाबा. जय भीम बाबा," म्हणून प्रितमनं फोन ठेवला आणि तो मटकन सोफ्यावर बसला.

"काय झालं रे?" सपनानं विचारलं.

"वाट लागली."

वाट लागायचं कारण साधं होतं. जावईबापूंनी आजवर शनी पाहिलेलाच नव्हता. सासऱ्यांनी निवृत्तीनंतर ही दुर्बीण घरी बनवली, तिचा आरसा स्वतःच्या हातांनी घासला. त्यांच्या इमारतीची गच्ची कायम कुलपात, म्हणून दुर्बीण चारकोपला लेकीच्या गच्चीवर आली. पिंपाएवढी जाड नळी, ती प्लायवूडच्या खोक्यात टेकवलेली, आणि खोका एका गोल पाटावर फिरणारा. फिरणारा म्हणजे फिरायला हवा असलेला. ढकललं तर तो हलायचा नाही, आणि जोर लावला की अर्धं आकाश ओलांडून जायचा. त्यातून चुकून शनी सापडलाच तर धक्का लागून नळी अशी थरथरायची, की एक पिवळी अळी वळवळत इकडून तिकडे गेल्यासारखं दिसायचं. मागून सरांचा आवाज यायचा, "दिसलं कडं?" आणि प्रितम म्हणायचा, "दिसलं बाबा!"

यात प्रितमचा दोष नव्हता. सर आयुष्यभर पी.टी. शिकवत आले. लग्नाच्या बोलणीला प्रितम घरी गेला तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "आधी ताठ उभा राहा." सोसायटीत शनीला घाबरून शनिवारी तेल वाहणारे बरेच होते, पण शनी आणि धोंडिराम सर यांतून एकाला निवडा म्हटलं असतं, तर सगळ्यांनी साडेसाती हसत पत्करली असती.

"मला तरी कुठे दिसलंय?" सपना म्हणाली. "मी पण हो म्हणते. बाबा आत्ता इतके दिवस राहून आले ना मालाडला, ती जयाताई पण म्हणते."

"तुम्हाला काय, तुम्ही बघून बाजूला होता. मला शोधून लावायचाय! नाही सापडला तर कळेल ना त्यांना, इतकी वर्षं मी थापा मारतोय."

तेव्हा सर यायच्या आत दुर्बिणीची ती फिरती बैठक सुधारणं भाग होतं. प्रितमनं खालच्या मजल्यावरच्या विकीला गाठलं. विकी मंडळाच्या कॅरम स्पर्धेत दर वर्षी सेमीफायनलला हरायचा, त्यामुळे घर्षण या विषयावर त्याचं मत पक्कं होतं. दोघांनी मधला बोल्ट काढून खोका उचलला. खाली पाटावर सनमायका, त्यावर प्लास्टिकच्या तीन चकत्या.

"सनमायका आहे ना? मग सोपं आहे, भाई. कॅरमची पावडर टाक. क्वीन कशी जाते? सुळ्ळकन!"

विकीनं अख्खा डबा ओतला. नळी जिथे टेकते तिथेही पावडर चोपडली. मग प्रितमनं एका बोटानं ढकललं आणि दुर्बीण गोल फिरली. फिरतच राहिली.

"झकास!" विकी म्हणाला. दोघे टाळ्या देत चहा प्यायला खाली उतरले.

ते उतरले आणि खाडीवरून वारा सुटला. दुर्बीण आपली आपण वळली, नळीनं मान खाली घातली आणि समोरच्या बी विंगमधल्या कुंदाबाईंच्या स्वयंपाकघरावर तिचा डोळा स्थिर झाला. कुंदाबाई सेक्रेटरीणबाई. त्या गाऊनवर भाकऱ्या थापत होत्या. पिठाच्या हातांनीच त्या धापा टाकत प्रितमच्या दारात आल्या.

"आमच्या घरात बघता होय? एवढी मोठी दुर्बीण लावून?"

"अहो वहिनी, वाऱ्यानं फिरली ती!"

"वाऱ्याला बरं आमचंच घर सापडलं! उद्या सर येतायत ना? त्यांच्याच कानावर घालते."

त्या रात्री प्रितम जेवला नाही. जावई शनी बघतो म्हणत लोकांच्या भाकऱ्या बघतो, हे सरांच्या कानावर गेल्यावर काय होईल, याचा विचारही त्याला करवेना.

रविवारी ऊन उतरताच दोघे पुन्हा कामाला लागले. ओल्या फडक्यानं पावडर पुसली, नावापुरती ठेवली. बोल्ट थोडा आवळला, थोडा सैल केला, पुन्हा आवळला. हळूहळू खोका हाताबरोबर फिरू लागला आणि हात थांबला की थांबू लागला. राहिली थरथर. गच्चीच्या टणक लादीवर लाकडी पाय. साधी टिचकी मारली तरी नळी हुडहुडी भरल्यासारखी करायची.

"पायाखाली रबर पाहिजे," विकी म्हणाला. गच्चीच्या दाराशी जुन्या हवाई चपलांचा जोड पडला होता. विकीनं एकीचे तीन तुकडे कापून खाली चिकटवले. थरथर तिथल्या तिथे थांबली. "बघ! जुना माल आहे, रबर कसलं जाड!"

तेवढ्यात सपना चहा घेऊन आली आणि दारातच थिजली. "बाबांची चप्पल कापली तुम्ही?"

"बाबांची?"

"आरसा घासताना हीच असायची पायात! दुर्बिणीसोबत इथे आणून ठेवलीय. दुसऱ्या कुणाला पाय पण घालू देत नाहीत!"

प्रितमच्या हातातला पाना खाली पडला. "पण एक उरलीय ना," विकी धीर द्यायला म्हणाला. मग त्याला अचानक आपली मॅच आठवली आणि तो जिन्यानं दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

सर सांगितलेल्या वेळेच्या आधीच आले. मावळतीला काळा गॉगल लावलेला, चेहरा दगडी. गच्चीवर पाऊल टाकताच त्यांनी खाली पाहिलं.

"माझी चप्पल?"

"एक आहे बाबा," प्रितम म्हणाला. "दुसरी... कावळ्यानं नेली."

"कावळ्यानं?"

"मोठा होता, बाबा," सपना म्हणाली.

सर अनवाणीच पुढे झाले. जमलेल्या लोकांना सरांनी उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं. कुंदाबाई सगळ्यांत बुटक्या, म्हणून पहिल्या.

"सर, मला जरा बोलायचंय तुमच्याशी," त्या म्हणाल्या.

"आधी शनी, मग बोलणं!"

कुंदाबाई ताठ उभ्या राहिल्या. अंधार पडला. प्रितम घामाघूम होऊन दुर्बिणीकडे निघाला, पण सरांना धीर कुठला? "सरक," म्हणत त्यांनी स्वतःच नळीला हात घातला. ती लोण्यासारखी वळली. प्रितमनं डोळे मिटून घेतले. आता कळणार, सगळंच कळणार. सरांनी गॉगल काढला आणि डोळा लावला. खूप वेळ गेला. सरांचे खांदे हलताना दिसले.

"प्रितम, इकडे ये."

तो गेला. सर हलक्या आवाजात बोलू लागले. त्यांना असा आवाज आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"मी जयाकडे नुसता राहायला नव्हतो गेलो. मोतीबिंदू काढून घेतला. कुणाला सांगायचं नाही म्हणून तिला दम दिला होता. डॉक्टर म्हणत होते, अजून घाई नाही. मी म्हटलं, काढाच."

"पण का बाबा?"

"अरे, तुम्हा सगळ्यांना कडं दिसायचं. मला एकट्याला नुसती वळवळ दिसायची. आरसा माझ्या हातचा, आणि मीच आंधळा! कुणाला सांगणार? भीती वाटायची रे मला." त्यांनी डोळे पुसले. "आज बघ, काय लख्ख दिसतंय! ऑपरेशन एक नंबर झालंय."

प्रितमनं सांगायला तोंड उघडलं. पावडर, बोल्ट, चप्पल, सगळं ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचं, तर हेही सांगावं लागलं असतं, की दोष डोळ्यांचा नव्हताच. तुमच्या भीतीपोटी घरदार खोटं बोललं आणि त्यापायी तुम्ही डोळ्याला सुरी लावून घेतलीत. त्यानं तोंड मिटलं.

"हं, आता तू बघ," सर म्हणाले.

प्रितमनं डोळा लावला. काळ्याभोर अंधारात एक इवलासा पिवळा गोळा होता आणि त्याच्याभोवती कडं होतं. खरोखरचं, कुणीतरी नुकतंच घालून ठेवावं तसं. ते जराही हलत नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला. ओरडावंसं वाटलं, सपनाला हाक मारावीशी वाटली, सासऱ्यांना मिठी मारावीशी वाटली. डोळ्यांत पाणी आलं. सर अगदी पाठीशी उभे होते.

"दिसलं ना?"

प्रितमनं आवाज होता होईल तेवढा कंटाळवाणा केला.

"हो बाबा. नेहमीसारखंच."